दहा ते बारा कुत्री

८ जानेवारी २०२५, बुधवार

आजपासून लिहून ठेवणार आहे. उद्या कोणी म्हणायला नको की हिंदुरावांनी वेळेवर हरकत घेतली नाही. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची चौदा कंट्रोलर म्हणून. नोंद नसली की घडलेलंही घडलं नाही असं धरतात, हे मला कोणी शिकवायला नको.

घटना अशी. सकाळी साडेअकराला सूनबाई प्रियंका स्कूटीवरून आली. पुढे पाय ठेवायच्या जागेत खोकं, खोक्यात माझा टॉवेल आणि टॉवेलात कुत्र्याची चार पिल्लं. अक्कलकोट रोडला नाल्याच्या कडेला कोणीतरी पोत्यात बांधून टाकली होती. डोळे नुकतेच उघडलेले. प्रियंका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. उरलेल्या वेळात बेवारस कुत्र्यांच्या एका ग्रुपचं काम करते. आजवर ते काम फोनवर चालायचं म्हणून मी खपवून घेतलं. आता ते माझ्या मागच्या मोरीत आलं.

म्हणाली, "अण्णा, सहा-सात आठवडे फक्त. जरा मोठी झाली की चांगली घरं बघून देऊन टाकू."

मला विचारलं नाही, सांगितलं. अभिमन्यूला विचारलं असावं, कारण तो माझी नजर चुकवून चहा पीत होता. माझा मुलगा असाच आहे. बायको आणि बाप यांच्यात काही निघालं की त्याला चहा आठवतो. घर माझं आहे. मी बांधलं आहे. इथे कोण राहील हे मी ठरवणार, एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते गैर नाही.

९ जानेवारी, गुरुवार

पहाटेपासून कुईकुई. दर तीन तासांनी सिरिंजने दूध. त्याच्या वेळा भिंतीवर चिकटवल्या आहेत. माझ्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ कोणी कधी चिकटवली नाही.

नात संस्कृती, वय नऊ, तिने नावं ठेवली: चटणी, कडक, हुरडा, लोणी. मी तिला सांगितलं की नावं ठेवली की गुंता वाढतो. मी त्यांना क्र. १ ते ४ म्हणणार. क्र. ३ अगदीच मरतुकडं आहे. ते टिकणार नाही. बाकीची त्याच्या अंगावरून चढून दूध पितात आणि ते गप्प पडून राहतं. असल्या स्वभावाने जगात काही मिळत नाही.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी.

भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी दुपारी सव्वादोनला पानात पडली. ही असताना साडेबाराच्या आत नैवेद्य व्हायचा. ही गेली त्याला चार वर्षं झाली, पण घड्याळ अजून तेच आहे. उशिराचं कारण विचारलं तर क्र. ३ ला जुलाब लागले होते. मी पान तसंच सरकवलं आणि बाहेर पडलो.

चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला अर्ज टाईप करून घेतला. खाली "एक त्रस्त नागरिक". नाव घातलं तर घरात राहायचं कसं, म्हणून नाही घातलं. विषय, संदर्भ, मजकूर, सगळं नियमात. पिल्लं चारच आहेत, पण चार म्हटलं की कारकून अर्ज बाजूला टाकतो. म्हणून "दहा ते बारा कुत्री" असं घातलं. रोगराई, लहान मुलांना धोका, रात्रंदिवस भुंकणे, सिरिंजने दूध पाजायच्या वेळा, हेही घातलं. शेवटी सवयीप्रमाणे "प्रत माहितीस्तव सविनय सादर: मा. अध्यक्ष, स्नेहबंध सोसायटी." प्रत नसलेला कागद मी आयुष्यात कधी सोडला नाही. दोन्ही पाकिटं पोस्टात टाकून आलो. परत येताना बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी कोणीतरी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतल्यासारखं वाटलं.

२१ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी अध्यक्ष मानसिंगराव आले. हातात माझीच प्रत. मी खुर्चीत बसलेला. त्यांनी ती प्रियंकासमोर धरली आणि वाचून दाखवली. मजकूर कानाला चांगला वाटत होता, पण हे महाशय घरी येऊन वाचतील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. प्रत ही फाईलला लावायची असते, घरोघरी फिरवायची नसते.

प्रियंकाने मोरीत नेऊन चार पिल्लं दाखवली. मानसिंगराव म्हणाले की अर्जात बारा आहेत. ती म्हणाली की कोणीतरी खोटं लिहिलंय. ते म्हणाले, ज्याने लिहिलं तो जवळून बघणारा माणूस आहे, सिरिंजच्या वेळासुद्धा घातल्यात.

ते गेल्यावर प्रियंका सरळ भिंतीपाशी गेली. शेजारी सावित्रम्मा राहते. तळमजल्यावर तिच्या मुलांचे टॉवेलचे माग आहेत, वर ती. मागच्या आठवड्यात तिने पिल्लांच्या आवाजाबद्दल काहीतरी म्हटलं होतं. भिंतीवरून दोघींची चांगलीच जुंपली. सावित्रम्मा चिडली की अर्धं तेलुगूत बोलते, त्यामुळे तिने काय शपथा घेतल्या ते नीट कळलं नाही. मी मध्ये पडलो नाही. बायकांच्या भांडणात वडीलधाऱ्याने पडू नये.

३० जानेवारी, गुरुवार

सोसायटीतल्या लोकांना काही रीतभात उरलेली नाही. सकाळी फाटकावर कोणीतरी कचऱ्याची पिशवी टांगून गेलं. परवा संस्कृतीला मुलींनी खेळायला घेतलं नाही. तिच्या हाताला कुत्र्याचे जंतू आहेत म्हणे. ती जिन्यात बसून रडली. मी फाटकात उभा राहून मोठ्याने म्हणालो की ज्यांना आमच्या घराबद्दल काही बोलायचं असेल त्यांनी तोंडावर बोलावं. कोणी आलं नाही. पाठीमागून वार करणारी जात.

हुरडा मेला नाही. त्याला बाकीच्यांबरोबर सोडलं की उपाशी राहतो म्हणून प्रियंका दुकानात असते तेव्हा वेगळं काढून पाजावं लागतं. घरात दुसरं कोणी नसतं. मी नाही केलं तर मेल्याचं खापर माझ्यावर फुटेल.

९ फेब्रुवारी, रविवार

पिल्लं बघायला माणसं येणार होती. प्रियंकाने फोटो टाकले होते. ती दुपारपर्यंत दुकानात, अभिमन्यू संस्कृतीला घेऊन दात काढायला गेलेला. आलेल्यांना बसवून ठेवा, एवढंच मला सांगितलं होतं.

पहिले होटगी रोडचे बंगलेवाले. नवराबायको. बंगल्याला राखणीला पाहिजे म्हणाले. मी विचारलं, बांधणार कुठं? म्हणाले, फाटकाला. सावली? ते बघू. उन्हाळ्यात पाणी किती वेळा? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. चौदा वर्षं मी ड्यूटी बुडवणाऱ्या ड्रायव्हरांची तोंडं वाचली आहेत. त्यांना रस्ता दाखवला.

दुसऱ्या कॉलेजच्या दोन मुली. पिल्लाला कडेवर घेऊन आधी फोटो काढले. हॉस्टेलवर राहतात. मी त्यांचा चहासुद्धा रद्द केला.

तिसरा मंगळवेढ्याकडचा धनगर, हरिबा नाव. पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मेंढरं राखायला पिल्लू पाहिजे. पुतण्याने फोनवर फोटो दाखवला म्हणून एसटीने आला होता. पायताण बाहेर काढून मोरीच्या उंबऱ्याशी उकिडवा बसला. नेमका हुरड्यावर बोट ठेवून म्हणाला, "ह्ये द्या. ह्ये गप हाय, पर लई ध्येन हाय त्येचं." मी म्हणालो, तुमच्या भागात माणसाला पाणी नाही, कुत्र्याला कुठून पाजणार? तो म्हणाला, "आमी पितो त्यातलंच की." मला उद्धट वाटलं. म्हणालो, रानात लांडगे आहेत, ऊन आहे, हे पिल्लू तसलं नाही. तो काठी घेऊन उठला आणि गेला.

प्रियंका आल्यावर तिला तिन्ही निकाल सांगितले. तिने बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "अण्णा, तुम्हाला ही घरातून जायला पाहिजेत की नकोत?"

मी म्हणालो, जायलाच पाहिजेत, पण काही पद्धत आहे की नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चटणी बार्शीच्या एका शिक्षिकेकडे गेली आणि लोणी प्रियंकाच्या दुकानातल्या बाईंकडे. दोन्ही वेळा मला देवळात पाठवलं होतं. घर रिकामं वाटतंय, म्हणजे मोकळं. राहिले कडक आणि हुरडा. दूध पाजल्याच्या नोंदींचा माझा तक्ता आता निम्मा झाला, हे चांगलंच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

सोसायटीची सभा झाली. ठराव असा की येत्या रविवारी टेम्पो आणून "सदर घरातील सर्व कुत्री" गावाबाहेर सोडून द्यायची. प्रियंका म्हणाली की दोनच उरलीत, त्यांनाही घरं मिळतील, पंधरा दिवस द्या. मानसिंगरावांनी अर्ज वर धरला. बारापैकी दोन दाखवता, मग दहा कुठं लपवलीत?

मी उठून सांगितलं की मुळात चारच होती, मी रोज बघतो. मागून कोणीतरी म्हणालं की सासरा सुनेची बाजू घेणारच. लोक हसले. आमच्या घराबद्दल हे पहिल्यांदाच कोणाला वाटलं असेल.

गावाबाहेर सोडणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. हायवेच्या कडेने ड्यूटीवर जाताना मी ते तीस वर्षं पाहिलं आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

विभागीय कार्यालयात गेलो. अर्ज मागे घ्यायचा म्हणालो. कारकून तरुण होता पण कामाचा निघाला. गठ्ठा शोधला, अर्ज मिळाला. त्यावर आवकचा शिक्का सोडून काही नव्हतं. तो म्हणाला, "निनावी अर्जावर आम्ही काय करत नसतो, काका. आणि मागं घ्यायचा तर आधी कुणीतरी केलेला असायला लागतो. ह्याला अर्जदारच न्हाय."

म्हणजे पाच आठवडे कोणी तो वाचलाही नव्हता. मी विचारलं की मग सोसायटीत एवढा गोंधळ कसा झाला. तो हसला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "अध्यक्षांना प्रत कुणी पाठवायला सांगितली होती?"

घरी सांगावं असं तीनदा वाटलं. तिन्ही वेळा कोणी ना कोणी काहीतरी कामात होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हे लिहिणं भाग आहे.

सकाळी दहाला मानसिंगराव आणि चौघे जण पाहणीला आले. लपवलेली दहा कुत्री शोधायची होती. प्रियंका दुकानात, अभिमन्यू कामावर. मी अडवलं. ते म्हणाले की लपवण्यासारखं काही नसेल तर अडवता कशाला. मी बाजूला झालो. गच्ची, पाण्याच्या टाकीमागचा कोनाडा, पलंगाखाली, हिच्या साड्यांचं कपाटसुद्धा उघडलं. दहा कुत्री कुठून मिळणार? ती मी टाईप करून घेतली होती.

त्यांनी फाटक उघडं टाकलं होतं. बूट वाजले, आवाज चढले, कडक घाबरून पळाला. बाहेर पाण्याचा टँकर मागे येत होता. टँकरवाल्याने काही पाहिलं नाही, त्याची चूक नाही.

मी त्याला टॉवेलात गुंडाळून मोरीत आणला. अजून ऊब होती. मानसिंगराव म्हणाले, "वाईट झालं, पण बघा, एक कमी झालं."

संस्कृती शाळेतून आल्यावर तिला मी सांगितलं. दुसरं कोणी घरी नव्हतं. ती रडली नाही. मला विचारलं, "आबा, तुम्ही फाटक का नाही लावलं?"

२३ फेब्रुवारी, रविवार

टेम्पो अकराला येणार होता. दहाला सगळे मंदिराच्या कट्ट्यावर जमले. प्रियंका हुरड्याला ओढणीत घेऊन उभी. डोळे सुजलेले, पण आवाज पक्का होता. ती म्हणाली की हे पिल्लू न्यायचं तर मला टेम्पोत बसवून न्या. अभिमन्यू पहिल्यांदाच तिच्या शेजारी उभा राहिला.

मानसिंगरावांनी अर्ज काढला आणि वाचायला लागले. दुसरा परिच्छेद मला पाठ होता. मी उठलो आणि म्हणालो, "तो कागद ठेवा. अर्ज माझा आहे. पिल्लं चार होती, बारा मी घातली. त्रस्त नागरिक मीच."

मग सगळे एकदम बोलायला लागले. मानसिंगराव म्हणाले की मी त्यांना तोंडघशी पाडलं. कोणीतरी टेम्पोवाल्याला फोन करून येऊ नको सांगितलं. त्यांना आता पिल्लात रस उरला नव्हता, माझ्यात होता. जे बोलले ते लिहीत नाही. बोलण्यासारखंच होतं.

सावित्रम्मा शेवटपर्यंत थांबली. जाताना माझ्यासमोर आली आणि सावकाश मराठीत म्हणाली, "अण्णा, महिना झाला, ही पोरगी माझं तोंड बघत न्हाय. तुमाला म्हाईत होतं ना?"

मी हो म्हणालो. प्रियंका तिथेच होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग घरी गेली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पान वेळेवर वाढलं जातं. साडेबाराला बरोबर. कोणी बोलत नाही. प्रियंकाने सावित्रम्माकडे जाऊन माफी मागितली, हे मला भिंतीपलीकडून कळलं. दोघी रडत होत्या. मला लाज वाटते. इतक्या वर्षांत मी हे वाक्य कोणत्याही वहीत लिहिलेलं नव्हतं.

हुरडा माझ्या खुर्चीखाली बसतो. त्याला कडक कुठे गेला ते कळत नाही. मोरीत जाऊन हुंगतो आणि परत येतो.

२ मार्च, रविवार

तोंडाने बोलायला जमेना म्हणून अर्ज लिहिला. प्रति, सौ. प्रियंका. विषय: पिल्लू हुरडा मजकडे कायम ठेवणेबाबत. त्याला पहाटे दूध-भाकरी कोण देतं, तो कशाला घाबरतो, कोणत्या कुशीवर झोपतो, सगळं लिहिलं. खाली पूर्ण नाव आणि सही केली. तिच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला.

संध्याकाळी ती अर्ज घेऊन आली आणि समोर बसली. सभेनंतर पहिल्यांदा बोलली.

"अण्णा, त्याला तुम्ही जिवापाड जपाल, मला माहितीय. घर शोधताना आम्ही एकच बघतो. राग आला तर तिथली माणसं काय करतात. तुम्हाला राग आला की तुम्ही समोर बोलत नाही, पाठीमागून कागद पाठवता. ह्या घरात नाही ठेवणार मी त्याला."

मी म्हणालो, आता तसं होणार नाही.

ती म्हणाली, "कडक गेला, अण्णा."

अर्ज तिने फाडला नाही. घडी घालून माझ्या हातात परत दिला.

९ मार्च, रविवार

हरिबा आला. प्रियंकाने त्याच्या पुतण्याचा नंबर शोधून बोलावलं होतं. या वेळी त्याचा मुलगा भारत त्याला मोटरसायकलवर घेऊन आला. रणरणतं ऊन पडलं होतं. मी खुर्ची पुढे केली, तो खालीच बसला. मागच्या वेळच्या बोलण्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "त्यात काय न्हाय. जित्राब देताना माणूस इचारतंच."

मग त्याने पटक्याच्या शेमल्यातून नव्या ज्वारीचं गाठोडं सोडलं. त्यांच्यात पिल्लू फुकट नेत नाहीत. ज्याने वाढवलं त्याच्या ओंजळीत दाणे घालायचे, तरच ते नव्या दारी टिकतं. घरात वडील मी, म्हणून तो दाणे घेऊन माझ्यासमोर आला. माझे हात पुढे झाले होते. ते मी मागे घेतले.

मी म्हणालो, "तिच्या ओंजळीत घाला. तिनं वाढवलं. मी ह्यांना हाकलायला अर्ज केला होता."

हरिबाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि प्रियंकाकडे वळला. तिने ओढणी पसरली. दाणे पडले. संस्कृतीने हुरड्याच्या कानामागे खाजवलं. तिने त्याला सगळं आधीच समजावून सांगितलं होतं.

भारतने त्याला उचलून मोटरसायकलवर मांडीत घेतलं तर त्याने उडी मारली आणि माझ्या पायाशी आला. हरिबाने नेलं, पुन्हा आला. घोंगडीत गुंडाळून नेलं, घोंगडीतून निसटून तिसऱ्यांदा आला आणि माझ्या चपलेवर बसला. मी त्याला हात लावला नाही. लावला असता तर मला सोडता आलं नसतं.

प्रियंका म्हणाली, "अण्णा, तुम्ही आत जा. तुम्ही दिसताय तोवर तो जाणार नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी पाय सोडवून घेतला, आत आलो आणि दार लावलं. तो बाहेरून दार ओरबाडत होता. आवाज फार नव्हता, पहिल्यापासूनच तो गप्प स्वभावाचा. मी कडी घातली आणि मोटरसायकल वळणावरून जाईपर्यंत कडीवर हात ठेवून उभा राहिलो.